जीबोर्डचा मराठी माईक + गुगल डॉक्स : लॅपटॉप नसताना लिखाणाचं काम सुरू करायचं असेल तर

फ्रीलान्स लिहायचं म्हटलं की जो तो सांगते आधी लॅपटॉप घ्या. मी आमच्या दारव्ह्याकडच्या पोरापोरींना उलटं सांगते, त्यासाठी कर्ज काढू नका, फोनमध्ये जीबोर्ड (गुगलचा कीबोर्ड) अन गुगल डॉक्स (लिखाणाचं ॲप) टाका आणि सुरुवातीची कामं यावरच करा. शेतीचे लेख, यूट्यूबवाल्यांच्या स्क्रिप्ट, हिंदीतून मराठी अनुवाद, माझं सगळं यावरच चालते.

जीबोर्डमध्ये मराठीत बोलून टाइप करायची सोय 2017 पासून आहे, पैसे लागत नाही. भाषा मराठी निवडायची, माईक दाबायचा अन बोलत सुटायचं. अंगठ्यानं टाइप करण्यापेक्षा लय लवकर होते, आणि मुख्य म्हणजे वाक्य आपण बोलतो तसं येते, निबंधासारखं नाही, स्क्रिप्टवाल्या क्लायंटला तेच पाहिजे असते.

पण आपली वऱ्हाडी त्याला नीट समजत नाही भौ. कपाशीवर लेख सांगत होते तर पऱ्हाटीचं पराठी झालं, डवरणीचं दवा राणी, अन "बोंडअळी आली" म्हटलं तर स्क्रीनवर "बोंड आली"! म्हणजे सांगायची होती कीड आणि वाचणाऱ्याला वाटेल पीक आलं, फवारणीचा सल्ला देणाऱ्या लेखात हे चालणारच नाही. म्हणून बोलून झालं की ळ-ल, ण-न आणि ऱ्ह असलेला प्रत्येक शब्द डोळ्याखालून घालायचाच. पूर्णविराम, स्वल्पविराम मी हातानंच टाकते. पर्सनल डिक्शनरीत आपले शब्द टाकून ठेवले तर टाइप करताना ते वर सुचतात, माईकला मात्र त्याचा फायदा झालेला मला दिसला नाही. आणि बाजूला थ्रेशर चालू असेल तर माईक बंदच ठेवा.

डॉक्सबद्दल माझी तक्रार जवळपास नाही. लाइन गेली, टॉवर गेला, तरी ऑफलाइन करून ठेवलेली फाइल उघडते, लिहिलेलं जात नाही, नेट आलं की आपोआप वर चढते. वर्ड काउंट तिथंच दिसतो, आणि आपलं बिल शब्दावर असते म्हणून हे लय कामाचं. मला एका पोर्टलनं नमुना म्हणून पूर्ण लेख मागितला, लेख घेतला अन मग फोनच उचलला नाही, पैसे आजपर्यंत नाही. नवीन पोरांसोबत हे सर्रास होते आणि मला याचा खरंच राग येते. तेव्हापासून नमुन्याची लिंक फक्त व्ह्यूअर म्हणून (म्हणजे नुसती वाचता येईल अशी) पाठवते, अन कॉम्प्युटर सेंटरवर जाऊन शेअरच्या सेटिंगमध्ये डाउनलोड, प्रिंट, कॉपी बंद करून ठेवते. फोटो काढून कोणी उतरवू शकतेच, पण निदान आयतं कॉपी-पेस्ट होत नाही. नमुना दीडदोनशे शब्दांच्या वर देऊच नका.

एक अडचण पेपरवाल्यांची. जीबोर्डवर लिहिलेलं युनिकोड (कुठल्याही फोनवर दिसणारी अक्षरं) असते, अन जिल्ह्याच्या ठिकाणचे बरेच डीटीपीवाले (छपाईची पानं लावणारे) अजून श्रीलिपी नाहीतर कृतिदेव या जुन्या फॉन्टवर बसले आहेत, तिथं थेट पेस्ट केलं की नुसती गिचमिड दिसते. त्यांच्याकडं कन्व्हर्टर असते, पण त्यात जोडाक्षरं फुटू शकतात, म्हणून छपाईच्या आधी एकदा प्रूफ मागून घ्या, लाजू नका.

पैशाचं पण सांगून ठेवते, कारण हे कोणी सांगत नाही. काम घ्यायच्या आधी शब्दाचा भाव, किती वेळा दुरुस्ती करून द्यायची अन पैसे कधी येणार हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, फोनवर बोललेलं धरू नका. पॅन कार्ड काढून ठेवा. मोठी कंपनी साधारण 10 टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला कर) कापते, पॅन नसला तर 20. आपल्या उत्पन्नावर कर लागत नसेल तर रिटर्न भरून तो परत मिळते, तो आपलाच पैसा आहे, सोडून देऊ नका.

माईकला 5 पैकी 3 स्टार, डॉक्सला 5. मोठे तक्ते किंवा शंभर पानांचं पुस्तक आलं तर फोन पुरत नाही, तेव्हा लॅपटॉपचं पाहा. तोवर साधा ब्लूटूथ कीबोर्ड जोडला तरी दुरुस्तीचं काम निम्म्या वेळात होते.