आमचाच गवती चहा आम्हालाच विकत मिळाला

आमच्या परसात नळाजवळ गवती चहाचे सात वर्षांचे बेट होते. घेर एवढा की कवेत मावत नसे, मात्र मधला भाग वाळून पोकळ झाला होता. गेल्या जूनमध्ये दारावर आलेल्या एका माळ्याने ते पाहून मान हलवली, मुळांना वाळवी लागली असून ती आता शेजारच्या आल्या-हळदीत शिरेल असे ठामपणे सांगितले आणि ४०० रुपये मजुरी घेऊन सगळे बेट पोत्यांत भरून नेले. तिसऱ्या दिवशी त्याने ‘नर्सरीतून’ सहा पिशव्या आणल्या, प्रत्येकी ८० रुपयांना.

पहिलीच पिशवी फाडली, तेव्हा माती भुरभुर गळून गेली. पिशवीत महिना-दोन महिने वाढलेल्या रोपाच्या मुळ्या मातीला धरून असतात, हे माहीत असूनही ती विकत घेताना मला सुचले नव्हते. दुसऱ्या पिशवीतल्या बुडख्याला निळ्या काठाची चिंधी गुंतलेली होती. आडवी होणारी पाती बांधायला मागच्या पावसाळ्यात मीच ती गुंडाळली होती.

गवती चहाला बी क्वचितच धरते, त्यामुळे त्याची लागवड ठोंबांनीच होते. बेट जुने झाले की मधले फुटवे वाळतात. तो रोग नव्हे, विभागणीची वेळ झाल्याची खूण आहे. वाळवी असती तर बुडख्यांवर मातीचे लिंपण दिसले असते आणि खोड हाताने मोडल्यावर आत पोखरलेले आढळले असते, पण मी वाकून पाहिलेसुद्धा नाही. पावसाच्या सुरुवातीला बेट खणून, कडेचे मुळ्या असलेले दोन-तीन फुटवे एकत्र ठेवून वेगळे करायचे, पाती वीतभर राखून छाटायची आणि दीड-दोन फुटांवर ठोंब लावायचे, एवढेच ते काम. आमच्या बेटाचे सहज पंचवीस ठोंब झाले असते.

चिंधी दाखवली तेव्हा माळी शांतपणे म्हणाला, “ताई, असल्या चिंध्या घरोघरी असतात.” त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतल्या तीन घरांनी त्याच्याकडून गवती चहा घेतल्याचे मला नंतर कळले.