वर्षभर दरमहा देणगी: चार टक्क्यांचं कौतुक आणि १०बीईचा ताप

वस्तीतल्या मुलांचे वर्ग चालवणाऱ्या एका संस्थेला ऑटोपे लावून देणगी देतोय, त्याला वर्ष होऊन गेलं. आधी तक्रार. १०बीई, म्हणजे करसवलतीसाठी लागणारं देणगीचं प्रमाणपत्र, ३१ मेपर्यंत यायला हवं होतं, ते आलं जूनअखेर, तेही पॅनमधलं एक अक्षर चुकवून. फोन केला तर, ‘पावती दिलीय ना?’ अहो, २०२१-२२ पासून नुसत्या पावतीवर ८०जीची करवजावट कोण देतंय! १०बीडी, म्हणजे संस्थेने आयकर खात्याला द्यायचं देणग्यांचं विवरण, भरायला उशीर झाला की दिवसाला २०० रुपये लेट फी. ती भरणार कशातून? आमच्याच देणगीतून ना? निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होईल हे धरूनच मी आकडा ठरवला होता. (नव्या करप्रणालीवाल्यांना ही वजावटच नाही, त्यांनी एवढं रडगाणं सोडून पुढे जावं.)

संस्था निवडली ती पत्रकावरच्या ‘प्रशासकीय खर्च फक्त ४ टक्के’ या ओळीवर. दुरुस्तीसाठी खेटे घालताना कळलं, हिशेबाला आठवड्यातून दोनदा येणारे एक काका आहेत, बस्स. चार टक्क्यांत तेवढंच बसतं. मग हट्टाने ऑडिट मागवलं. शेड्यूल नऊमध्ये, म्हणजे ट्रस्टच्या जमाखर्चाच्या तक्त्यात, आस्थापना खर्च वेगळा, ट्रस्टच्या उद्दिष्टांवरचा वेगळा. शिक्षिकांचं मानधन दुसऱ्यात, ते रास्तच. पण ऑफिसचं भाडंही तिथेच, म्हणून टक्का चारच! अमेरिकेत देणगीदारांसाठी संस्था पारखणाऱ्या गाइडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स यांनी २०१३ मध्येच देणगीदारांना जाहीर पत्र लिहिलं होतं, की नुसत्या वरखर्चाच्या टक्क्यावर संस्था तोलू नका. आपल्याकडची पत्रकं अजून तोच टक्का मिरवतात.

ऑटोपे बंद करणारच होतो, तेवढ्यात वार्षिक अहवाल आला. लाभार्थींचे आकडे आणि हसऱ्या मुलांचे फोटो असणार म्हणून उघडतही नव्हतो. आत निघाला साधा तक्ता: मुलांना किती वाचता येतं हे तपासणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणासारखे वाचनाचे टप्पे. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. वर्षाच्या सुरुवातीला किती मुलं कुठल्या टप्प्यावर, शेवटी किती कुठे. खाली टीप: एका वस्तीत गोष्टीपर्यंत एकही मूल पोचलं नाही, शिक्षिका सोडून गेल्या, बदली मिळेपर्यंत वर्ग बंद होता. देणगीदारांना हे छापून पाठवायला धाडस लागतं, आणि मला नेमकं हेच हवं होतं.

ऑटोपे चालू ठेवलाय. काकांना म्हटलं, पूर्णवेळ हिशेबनीस ठेवा, चाराचे आठ टक्के झाले तरी माझी हरकत नाही. ‘कमिटीपुढे ठेवतो,’ म्हणाले. नवं पत्रक आलंय, त्यावर चार टक्के आणखी ठळक केलेत.