स्वतःची हॅझमॅट टीम की शेजारच्या दलांसोबत एकत्र?
केमिकल गळतीसाठी आपलीच हॅझमॅट टीम (घातक रसायनं हाताळणारी टीम) काढायची की शेजारच्या दोन-तीन फायर ब्रिगेडनी मिळून एक, यात अडकला असाल तर आधी माणसं मोजा. 2 जण केमिकलपासून वाचवणारा सूट घालून आत, 2 जण बाहेर तयार, वर डीकॉनला (बाहेर आलेल्यांच्या अंगावरचं केमिकल धुवून काढायला) वेगळे लोक, मग त्याच वेळी कुठे आग लागली तर गाडीवर कोण जाणार? छोट्या दलाला हे खरंच झेपत नाही. खर्चाचं म्हणाल तर सूट, डिटेक्टर एकदा घेऊन भागत नाही, सूटची प्रेशर टेस्ट, डिटेक्टरचे सेन्सर बदलणं, कॅलिब्रेशन (रीडिंग बरोबर येतंय का ते तपासून जुळवणं) चालूच राहतं, एकत्र असलं की ते वाटलं जातं. पोचायच्या वेळेत मात्र स्वतःची टीम सरस. हद्दीत क्लोरीन-अमोनियाचे मोठे साठे असतील आणि माणसं पुरेशी असतील तर स्वतःचीच काढा, बाकीच्यांनी एकत्रच, पण गळती ओळखून लोकांना लांब ठेवायचं ट्रेनिंग प्रत्येक फायरमनला द्याच.