गोलाणी मार्केट, जळगाव: डिस्कवर काहीही न लिहिता पार्टिशन शोधून देणारं दुकान

लिनक्सची डिस्क घेऊन जळगावात कुठे जायचं, असं कुणी विचारलं तर मी गोलाणी मार्केटच्या वरच्या मजल्यावरचं, जिन्याला लागून असलेलं छोटं रिपेअरिंगचं दुकान सांगतो.

माझ्या ४ टीबीच्या डिस्कवर खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी आहेत, अमळनेर-पारोळ्याकडच्या आजीबाईंनी जागरणात म्हटलेली. त्यातल्या काही जणी आता नाहीत. यूएसबी केसचं (डिस्कच्या बाहेरच्या डबीचं) सॉकेट तुटलं म्हणून डिस्क काढून थेट डेस्कटॉपच्या साटा केबलला लावली, तर उबुंटू लिनक्समध्ये एसडीबी, म्हणजे अख्खी डिस्क, दिसतंय, पण एसडीबी१, म्हणजे फाइली असलेलं तिच्यावरचं पार्टिशन (डिस्कचा भाग), नाहीच. आधी ज्या दुकानात गेलो तिथे बघताक्षणी फॉरमॅट मारायला निघाले होते.

गोलाणीतल्या या दुकानाच्या दादांनी आधी स्मार्टसीटीएल या कमांडने डिस्कची तब्येत पाहिली आणि म्हणाले, "भाऊ, डिस्क चांगली शे." निम्मी धास्ती तिथेच गेली. मग कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) पार्टिशन यादी उघडली. तिथे नाव असतं आणि फक्त डेव्ह फोल्डरमध्ये नसतं, तर यूडेव्हकडे, म्हणजे तिथली डिव्हाइसची नावं सांभाळणाऱ्या प्रोग्रामकडे, बघावं लागलं असतं. पण यादीतही एसडीबी१ नव्हतं, म्हणजे कर्नलला पार्टिशन टेबलच (कुठलं पार्टिशन कुठे आहे याची डिस्कवरची नोंद) सापडत नव्हतं. कर्नलला ते टेबल पुन्हा वाचायला लावणारं पार्टप्रोब चालवूनही फरक पडला नाही. तेव्हा त्यांनी नेमका प्रश्न विचारला: "पार्टिशन केलं तेव्हा डिस्क केसमध्येच होती का?"

होती. काही यूएसबी केस मोठ्या डिस्कचा सेक्टर (डिस्क ज्या ठरावीक तुकड्यांत वाचली-लिहिली जाते, तो एक तुकडा) ४०९६ बाइटचा दाखवतात, साटावर तीच डिस्क ५१२चा दाखवते. जीपीटी या प्रकारच्या पार्टिशन टेबलचं हेडर असतं सेक्टर १ मध्ये, मोजणी ० पासून. केसमधून ते ४०९६व्या बाइटवर लिहिलं गेलं, आणि आता कर्नल ते ५१२व्या बाइटवर शोधत होता. डेटा जागच्या जागी होता.

मग लॉसेटअप या कमांडने त्याच डिस्कवर फक्त वाचण्यापुरतं लूप डिव्हाइस (आभासी डिस्क) बनवलं, सेक्टर ४०९६चा आणि पार्टिशन स्कॅन चालू. लगेच लूप०पी१, म्हणजे हरवलेलं पार्टिशन, उभं राहिलं, फाइली उघडल्या. पहिलंच गाणं स्पीकरवर लागलं तेव्हा शेजारच्या गाळ्यातले काकाही येऊन उभे राहिले. सगळं नव्या डिस्कवर उतरवून चेकसम (कॉपी हुबेहूब झाली का ते तपासायचा आकडा) जुळल्याशिवाय दादांनी जुन्या डिस्कला हात लावू दिला नाही. मला सगळ्यात जास्त भावलं ते हेच. प्रत्येक कमांड का देतोय, तेही ते सांगत होते.

आता उणं. जागा फारच अरुंद, बसायला एकच स्टूल, आणि पावतीवर नुसतं 'डेटा काम' असं लिहून मिळतं. संध्याकाळी मोबाइलवाल्यांची गर्दी उसळते, तेव्हा दादांना बोलायलाही फुरसत नसते. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जा. कॉपीसाठी रिकामी डिस्क आणि जुनं केस, मोडकं असलं तरी, सोबत न्या.