‘१ ते ७ लिटर’वाला घरगुती ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर: भाड्याने घेण्याआधी हे वाचा

पाचपैकी एक तारा, तोही यंत्र वेळेवर घरी पोचलं म्हणून.

२०२१ मध्ये बाबांचा ऑक्सिजन ८८ वर आला आणि कुठेच बेड मिळेना, तेव्हा हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं हे यंत्र घेतलं. भाडं आठवड्यापूर्वीच्या दुप्पट होतं. विचारलं तर, “घ्यायचं तर घ्या, मागे रांग आहे.” घेतलं. समोर बाबा धापा टाकत असताना कोण घासाघीस करणार?

नळी लावली, काटा सातवर, म्हणजे मिनिटाला सात लिटरवर नेला. तासभर झाला तरी ऑक्सिमीटर ८९ च्या वर सरकेना. यंत्राच्या पाठीवर एका स्थानिक नेत्याचा हसरा फोटो आणि ‘आपल्या सेवेत’ असं भलंमोठं स्टिकर होतं. त्याची एक कड सुटली होती. नखाने खरवडलं, तर खाली कंपनीचा ऑक्सिजनच्या शुद्धतेचा तक्ता: १ लिटरला ९३ टक्के, ७ लिटरला ३० टक्के. साध्या हवेतच २१ टक्के ऑक्सिजन असतो! म्हणजे काटा वाढवला की ऑक्सिजन वाढत नाही, त्यात नुसती हवा मिसळत जाते. जे आम्हाला आधी कळायला हवं होतं, नेमकं त्याच्यावर त्यांनी आपला चेहरा डकवला होता.

पाच लिटरचं खरं वैद्यकीय यंत्र पूर्ण पाच लिटरवरही ९० टक्क्यांच्या वर शुद्धता देतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषात किमान ८२ टक्के लागतात, त्याखाली गेलं की यंत्राने इशारा द्यायला हवा. आमचं गप्प होतं. म्हणून ‘किती लिटर’ एवढंच विचारू नका, ‘पूर्ण प्रवाहावर शुद्धता किती’ हे विचारा आणि तक्ता बघितल्याशिवाय अनामत देऊ नका. वजनही बघा. चांगली यंत्रं जड असतात, हे मी एका हाताने जिना चढून वर आणलं होतं.

पहाटे बेड मिळाला, बाबा वाचले. पण ती रात्र मी विसरणार नाही. याला आपल्याकडे मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात, आणि मी तो शब्द जपून वापरते.

यंत्र परत न्यायला आलेल्या मुलाने स्टिकरची सुटलेली कड अंगठ्याने दाबून बसवली. ते थेट पुढच्या घरी जाणार होतं. मी मार्कर आणला आणि त्या फोटोवरच ठळक लिहिलं: ‘७ वर फक्त ३०%’.