आठ महिन्यांचे शुक्रवार: नैरोबीच्या व्हिलेज मार्केटचा अनुभव

पहिल्याच शुक्रवारी मागून 'दादा, दादा!' अशी हाक आली आणि इथे कोण आपलं माणूस भेटलं म्हणून मी गर्रकन वळले. मागे हातभर मण्यांच्या माळा घेऊन एक पोरगा उभा होता, आणि त्याची दादा म्हणजे मीच. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण. काका म्हणजे भाऊ, आणि मामा म्हणजे चक्क आई. बाजारात बसलेल्या प्रत्येक वडीलधाऱ्या बाईला 'मामा' म्हणायची सवय व्हायला मला महिना लागला.

आमचं बिऱ्हाड रुआकात आहे. तिथून लिमुरू रस्त्याने मटाटूत बसलं की गिगिरीचं व्हिलेज मार्केट अगदी जवळ. मटाटू म्हणजे आपली वडाप, फक्त गाणी जास्त मोठ्याने. हा मॉल 1995 सालचा. शेजारीच संयुक्त राष्ट्रांचं नैरोबीतलं मुख्य कार्यालय, आजूबाजूला वकिलाती, त्यामुळे गिऱ्हाईक जगभरचं. एका टेबलावर फ्रेंच, पलीकडे अरबी, मागे गुजराती, आणि मधूनच फोनवर मराठीत ओरडणारी मी. आत शिरताना गाडीखाली आरसा फिरवतात, डिकी उघडायला लावतात, बॅग तपासतात. 2013 मध्ये याच शहरातल्या वेस्टगेट मॉलवर अतिरेकी हल्ला झाला होता, तेव्हा याचा कंटाळा करू नये.

बंदिस्त, एसीचा गारवा असलेला मॉल डोक्यात घेऊन गेलात तर फसाल. इथे बराच भाग उघडा आहे, झाडं आहेत, पाणी खेळवलंय. एसीची गरजच काय, नैरोबी महाबळेश्वरपेक्षाही चारेकशे मीटर उंचावर आहे. उलट जुलैत आभाळ भरलेलं असतं आणि बाहेर बसून जेवायचं तर स्वेटर हवाच. थंडीत मी पहिल्यांदा गेले ती सुती कुडत्यावर, आफ्रिका म्हणजे ऊन अशा समजुतीने, आणि कुडकुडत परत आले.

आतली ब्रँडेड दुकानं मी दोन महिन्यांत सोडून दिली. तीच बूटं, तेच परफ्यूम, त्यासाठी समुद्र ओलांडायची गरज नाही. जायचं ते शुक्रवारी, कारण तेव्हा इथे मसाई बाजार भरतो. नाव मसाई असलं तरी विकणारे सगळे मसाई नसतात. लाल चौकड्यांची शुका, म्हणजे अंगावर घ्यायचं कापड, आणि मण्यांचं काम त्यांचं, लाकडी प्राणी बहुतेक कांबा जमातीच्या कारागिरांचे, गुळगुळीत दगडी वाट्या किसीकडच्या तबाका गावच्या. आणि कियोंदो, म्हणजे घायपाताच्या दोऱ्याची विणलेली पिशवी, कांबा आणि किकुयू बायकांची.

कियोंदोवर माझा जीव जडला. केनियात 2017 पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, तेव्हा पिशवी लागणारच होती. चार हजार शिलिंग सांगितले, मी मोठ्या हुशारीने अठ्ठावीसशेवर आणले. (शंभर शिलिंग म्हणजे साधारण पासष्ट-सत्तर रुपये धरा.) पुढच्या शुक्रवारी तसलीच पिशवी माझ्यासमोर पंधराशेला गेली. तेव्हापासून तीन शब्द पाठ केले: 'बेई गानी', केवढ्याला, 'घाली साना', फार महाग, 'पुंगुझा', कमी करा. फक्त 'एवढेच पैसे आहेत हो' हा आपला हुकमी एक्का इथे चालत नाही. सगळ्यांच्या फोनवर एम-पेसा असतं, म्हणजे फोनवरूनच पैसे पाठवायची सोय. 2007 साली सुरू झालेली ही सोय आता भाजीवालीपर्यंत पोचली आहे, त्यामुळे पाकीट उघडून रिकामं दाखवलं तर समोरचा शांतपणे आपला नंबर सांगतो.

दुसरी फसगत हत्तीची. एकाकडून काळाभोर, जड, 'अस्सल एबनी'चा, म्हणजे आबनूस लाकडाचा, हत्ती घेतला. घरी ओल्या फडक्याने पुसला तर फडकं काळं आणि हत्ती कानामागे बदामी. बुटाचं पॉलिश! आता मी पोटाखाली, पायांच्या तळव्याशी नखाने ओरखडून बघते. खऱ्याला राग येत नाही, पॉलिशवाला लगेच दुसरी वस्तू पुढे करतो.

खाण्याचं मात्र सोनं आहे. उघड्यावरचं फूड कोर्ट, आणि देशोदेशीच्या खाण्याचे काउंटर. सुरुवातीला गोंधळ उडतो, मग एक रीत बसते. आम्ही आधी इथियोपियन इंजेरा घेतो. आंबवलेल्या टेफच्या पिठाची ही जाळीदार पोळी म्हणजे आपल्या आंबोळीची थोरली बहीण, आंबटपणा थोडा जास्त. शाकाहारी माणसाने इथे बिनधास्त जावं, डाळी आणि भाज्यांचे ढीग त्या पोळीवरच वाढून येतात. थंडी असली की 'दावा' मागवायचं: गरम पाण्यात आलं, लिंबू, मध. दावा म्हणजे स्वाहिलीत औषध, तेव्हा नाव कळायला कोश लागत नाही. चहाची एक सूचना: दुधात उकळलेला हवा असेल तर 'आफ्रिकन टी' सांगा, नाहीतर गरम पाणी, पुडी आणि वेगळं दूध समोर येतं आणि आपण त्याच्याकडे बघत बसतो.

बोलिंग आहे, पोरांना उड्या मारायला ट्रॅम्पोलीन आहे. माझी मुलं खूश, मी त्या वेळात बाजारात, म्हणून याबद्दल जास्त बोलत नाही.

एक गोष्ट जोडून करा. जवळच करुरा जंगल आहे, शहराच्या हद्दीतच. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ते बिल्डरांच्या घशात जायच्या बेतात होतं, वांगारी मथाई आणि त्यांच्या सोबतच्या बायकांनी मार खाऊन ते राखलं. 2004 चं शांततेचं नोबेल मिळालं त्या या. सकाळी तिथे दोन तास चालायचं आणि दुपारी भुकेलेल्या पोटाने व्हिलेज मार्केट गाठायचं, असा आमचा शिरस्ता झालाय.

जूनमध्ये माझ्या कियोंदोचा चामडी पट्टा बटाट्यांच्या वजनाने उसवला. शुक्रवारी घेऊन गेले. पिशव्यांवाल्या मामाने पिशवी उलटी केली, तळ दाबून पाहिला, दाभणासारख्या सुईने चार टाके घातले. पैसे घेतले नाहीत.

ऑगस्टमध्ये सासूबाई सांगलीहून आल्या. त्यांना त्याच मामाकडे नेलं. भाषेचा पत्ता नाही. आईंनी पिशवीची वीण बोटाने मोजली, एका जागी सुटलेला दोरा दाखवला, मान हलवली, आणि मराठीत म्हणाल्या, "द्यायची तर नीट द्या, नाहीतर राहू दे." मामा स्वाहिलीत काहीतरी म्हणाली. दोघी हसल्या. पुन्हा भांडल्या. आई उठून चार पावलं गेल्या, मामाने हाक मारली. बाराशेला पिशवी, वर मण्यांचं एक कडं.

परतताना मटाटूत आईंनी विचारलं, "तुझी केवढ्याला पडली गं?"

"आता आठवत नाही," मी म्हटलं.