सगळ्यांसाठी एकच स्वयंपाक की मुलासाठी वेगळा?

दूध, अंडे, शेंगदाणे अशा अनेक पदार्थांची ॲलर्जी असलेले लहान मूल घरात असेल, तर दोनच मार्ग उरतात: ते पदार्थ घरात आणायचेच नाहीत, किंवा मुलाचे जेवण वेगळे शिजवायचे.

वेगळ्या स्वयंपाकात जोखीम असते ती हाताळणीची. गाळणीच्या जाळीत अडकलेले पीठ, लाकडी चमच्याच्या भेगेत राहिलेले दूध किंवा आधी अंडे तळलेले तेल, एवढ्यानेही मुलाला त्रास होऊ शकतो. शिवाय भाजल्या-शिजवल्याने शेंगदाण्याची ॲलर्जी टळत नाही, आणि सॅनिटायझरने जंतू मेले तरी ॲलर्जी घडवणारी अन्नातली प्रथिने हातावर तशीच राहतात, ती साबण-पाण्यानेच धुवावी लागतात. म्हणून मुलाचे अन्न सर्वांत आधी शिजवून झाकून ठेवावे. थकल्या-भागल्या संध्याकाळी ही शिस्त पाळणे सोपे नसते.

एकच स्वयंपाक केल्यास ही धास्ती पुष्कळ कमी होते, आणि मूल सर्वांच्या ताटातले तेच खाते, याचे मोल मला फार वाटते. मात्र धाकटे भावंड असल्यास शेंगदाणे घरातून पूर्ण बंद करण्याआधी डॉक्टरांशी बोलावे, कारण २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, अधिक धोका असलेल्या ४ ते ११ महिन्यांच्या बाळांना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिल्याने ती ॲलर्जी होण्याचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी घटलेले आढळले.

मूल दिसेल ते तोंडात घालण्याच्या वयाचे असेपर्यंत मी एकच स्वयंपाक निवडेन. दुधाअभावी कमी पडणाऱ्या कॅल्शियमची सोय मात्र दोन्हीकडे आहारतज्ज्ञांना विचारूनच करावी.